भाऊजींची जर्मन, बाबांची पाली आणि तुमची तेलुगू

वाचकाचं पत्र:

मी ३६ वर्षांची आहे. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. सकाळच्या पाळीत ब्लड कलेक्शन माझ्याकडे असतं. मराठी आणि हिंदी मला सारखीच येते, इंग्रजी रिपोर्ट आणि फॉर्म वाचण्यापुरती. बोलायला म्हणून तिसरी एक भाषा नीट शिकावी असं फार दिवसांपासून मनात आहे, पण कोणती तेच ठरून नाही राहिलं. भाऊजी म्हणतात जर्मन शीक, तिकडे दवाखान्यांत माणसं लागतात, स्कोप आहे. बाबा म्हणतात पाली शीक, दीक्षाभूमीच्या शहरात राहून तिपिटकाची एक ओळ समजत नाही हे बरं नाही. मैत्रीण म्हणते आधी इंग्रजी बोलायला शीक.

इकडे माझ्याकडे रोज तेलंगणातल्या आदिलाबाद, आसिफाबादकडचे पेशंट येतात. मागच्या महिन्यात एका आजीला मी हिंदीत विचारलं, उपाशीपोटी आलात ना? तिनं मान हलवली. शुगर भलतीच जास्त आली. मुलगा आल्यावर कळलं की आजीची सकाळी चहा-इडली झाली होती. तिला माझं बोलणं समजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचावी लागली आणि ती रडून राहिली होती. तेव्हापासून वाटतं की तेलुगू शिकावी. घरचे हसतात, म्हणतात तेलुगूचा काय उपयोग? शिवाय या वयात नवी भाषा डोक्यात बसेल का? मोबाईलवर जर्मनचं अ‍ॅप दोनदा सुरू केलं आणि सोडलं. आमच्याकडे रात्रपाळीला सिरोंच्याची, तेलुगू बोलणारी एक सिस्टर आहे, तिला विचारायचाही संकोच वाटतो.
स., मनीषनगर

उत्तर:

ताई, तेलुगू शिका. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुमच्या पत्रात जर्मनबद्दल जे आहे ते भाऊजींचं म्हणणं आहे, पालीबद्दलचं बाबांचं, इंग्रजीबद्दलचं मैत्रिणीचं. तेलुगू मात्र तुम्हाला कुणीच सुचवलेली नाही. तिथे तुम्ही स्वतः आहात, समोर ती आजी आहे, आणि तिला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली याची तुमच्या मनाला लागलेली टोचणी आहे. भाषेला वेळ लागतो, महिने नव्हे, वर्षं लागतात, आणि दुसऱ्यानं दिलेल्या कारणावर माणूस तेवढा टिकत नाही. अ‍ॅप दोनदा सुटलं यात मला तुमचा आळस दिसत नाही. जर्मन बोलायला तुमच्यासमोर कुणी नव्हतंच, मग ती सुटणारच होती.

भाऊजी चुकीचं सांगत नाहीत, एवढं मात्र म्हणायला हवं. जर्मनीत आरोग्यसेवेला माणसं कमी पडतात हे खरं आहे, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करारही केला. पण त्या वाटेचा हिशेब नीट मांडा. दवाखान्यात काम करायचं तर साधारण बी२ पातळीची, म्हणजे बऱ्यापैकी सफाईनं बोलता-समजता येईल एवढी जर्मन लागते. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्याच अंदाजानं शून्यापासून तिथवर जायला ४५ मिनिटांच्या सहाशेहून जास्त तासिका लागतात. त्यावर तुमचं इथलं शिक्षण तिकडे मान्य करून घ्यायचं वेगळं काम. नोकरी सांभाळून दोन-तीन वर्षं सहज जातील. देश सोडून जायचं पक्कं असेल तर हे सगळं करण्यासारखं आहे, आणि मग अ‍ॅपवर न विसंबता रीतसर वर्ग लावावा लागेल. तुमच्या पत्रात मात्र जायचं आहे असं एक अक्षरही नाही. जायचंच नसेल तर ‘स्कोप’ हा शब्द तुमच्या कामाचा नाही.

बाबांचं म्हणणं मला मनापासून पटतं, फक्त ते वेगळ्या कारणासाठी ठेवा. पाली ही वाचायची, पठणाची भाषा आहे. त्रिशरण-पंचशील तुम्हाला पाठ असणारच, म्हणजे पालीची चव तुमच्या जिभेवर आधीच आहे. लिपी नवी शिकायची नाही, देवनागरीत सगळं मिळतं, आणि मराठी माणसाला पालीतले निम्मेअधिक शब्द ओळखीचे वाटतात. बाबासाहेबांनी स्वतः पालीचं व्याकरण आणि शब्दसंग्रह तयार करण्यावर मेहनत घेतली होती, ते काम त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात आहे. आपल्या विद्यापीठात पाली-प्राकृतचा विभाग आहे. तेव्हा रविवारी सकाळी बाबांसोबत धम्मपदातल्या दोन गाथा अर्थासकट वाचायच्या, एवढं ठेवा. त्यात परीक्षा नाही, घाई नाही, आणि बाबांना तुमचा तासभर मिळेल. तो तास तेलुगूच्या आड येणार नाही.

इंग्रजीचं थोडक्यात. ती तुम्हाला वाचता येते, म्हणजे ती सुरू झालेलीच आहे. बोलायची गरज ज्या दिवशी रोज पडू लागेल, त्या दिवसापासून ती जिभेवर मोकळी होईल. आज ती गरज तुमच्या खुर्चीजवळ नाही.

तिसऱ्या भाषेवरून आपल्या राज्यात २०२५ मध्ये बरंच वादळ झालं. पहिलीपासून हिंदी आणण्याचा १६ एप्रिलचा निर्णय आणि त्यावरचा दुरुस्तीचा निर्णय, दोन्ही सरकारनं २९ जूनला मागे घेतले. तो वाद लहान मुलांवरच्या सक्तीचा होता. तुमच्यावर सक्ती कुणाचीच नाही, उलट घरचे हसतात, म्हणून तुमच्या निवडीचं मला जास्त कौतुक आहे.

आता ‘तेलुगूचा काय उपयोग’ या प्रश्नाकडे वळू. नकाशा उघडून घरच्यांसमोर ठेवा. नागपूरहून आदिलाबाद सुमारे दोनशे किलोमीटर आहे आणि आदिलाबादहून हैदराबाद त्याच्या दीडपट दूर. तिकडच्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादच्या आधी नागपूर आठवणार, हे उघड आहे. चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग सरळ तिथून येतो. बल्लारशावरून कागजनगर, मंचेरियाल, काझीपेटला जाणारी रेल्वे आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून सिकंदराबादची वंदे भारतही धावते. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याच्या बाजारात तेलुगू चालते, आणि चंद्रपूरचा राजुरा एके काळी निजामाच्या राज्यात होता. तेलुगू ही नागपूरची शेजारीण आहे. आपलं तोंड मात्र पहिल्यापासून उत्तरेकडे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी आपल्याला न शिकता आली आणि दक्षिणेच्या दाराकडे आपण फारसं पाहिलं नाही.

याच हिंदीत तुमची सगळ्यात मोठी अडचण दडलेली आहे. आदिलाबाद शहरातले, विशेषतः पुरुष पेशंट, तुमच्याशी हैदराबादी वळणाची हिंदी बोलतील, कुणी मराठीही बोलेल. तुम्ही ‘मी पेरु एमिटि?’ म्हणालात की ते ‘लक्ष्मण नाम है मॅडम’ म्हणतील आणि तुमची तेलुगू तिथेच थांबेल. त्यांच्याशी बोलून तुम्ही तेलुगू शिकणार नाही. शिकाल ती खेड्यातल्या बायांशी, म्हाताऱ्या माणसांशी, ज्यांना हिंदी येत नाही आणि ज्यांच्यासोबतचा माणूस नेमका बिल भरायला गेलेला असतो. तेलुगूची खरी गरजही त्यांनाच आहे. म्हणून आतापासून एक नेम करा, खुर्चीवर साठीच्या पुढची बाई बसली की पहिलं वाक्य तेलुगूतच. तिला मराठी येत असेल तर ती सांगेल, त्यात आपलं काही जात नाही.

वयाची भीती सोडा. १९७८ साली कॅथरीन स्नो आणि मारियान होफनागेल-होले या दोघींनी हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डच शिकताना पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं लहानग्यांच्या पुढे होती. लहान मुलं पुढे उच्चारात आणि सहजतेत बाजी मारतात, ते खरं. पण तुम्हाला तेलुगू म्हणून जन्माला यायचं नाही, आजीला ‘घाबरू नका’ म्हणायचं आहे. तेवढ्याला ३६ वय चांगलंच आहे, कारण काय बोलायचं आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

तर सुरुवात पुस्तकाच्या पहिल्या धड्यानं करू नका. ‘हा बैल आहे, ती गाय आहे’ यातलं तुम्हाला काही लागत नाही. एक वही घ्या आणि पुढचे चार दिवस कामावर तुम्ही पेशंटशी जे जे बोलता ते मराठीत जसंच्या तसं लिहा. माझा अंदाज आहे, तीसेक वाक्यांच्या वर यादी जाणार नाही, कारण रक्त घेणारा माणूस दिवसभर तेच तेच बोलतो. नाव काय? बसा. हात लांब करा. घाबरू नका. झालं. कापूस दाबून धरा. ती तीस वाक्यं हाच तुमचा पहिला अभ्यासक्रम.

त्यातली काही इथेच देते. ‘कूर्चोंडि’ म्हणजे बसा. ‘चेय्यि चापंडि’, हात लांब करा. ‘भयपडकंडि’, घाबरू नका. ‘अयिपोयिंदि’, झालं. शेवटी येणारं ‘अंडि’ हे आदराचं आहे. एकेरी रूपं आता शिकूच नका. समोर आजी असो की पंचविशीतला पोरगा, सगळ्यांना आदरानंच बोला. त्यात आणखी एक सोय अशी की आदराच्या रूपात बाई आणि पुरुष असा फरक करावा लागत नाही. आणि समोर बाई असेल तर प्रत्येक वाक्याआधी ‘अम्मा’ म्हणा.

नावाचा प्रश्न शिकताना तुम्ही एकदा तरी अडखळाल. ‘मी पेरु एमिटि?’ यातलं ‘मी’ म्हणजे ‘तुमचं’. आपण स्वतःला मी म्हणतो, तेलुगू माणूस स्वतःला ‘नेनु’ म्हणतो. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल, नंतर होणार नाही.

आता त्या आजीकडे जाऊ, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. तिनं मान का हलवली? समजलं नाही असं म्हणायची तिला भीती वाटली. पांढऱ्या कोटातल्या माणसासमोर खेड्यातली बाई ‘हो’च म्हणते, भाषा कोणतीही असली तरी. त्यामुळे ‘एमैना तिन्नारा?’, काही खाल्लंत का, हे वाक्य तेलुगूत अगदी बरोबर म्हटलंत तरी ती पुन्हा मानच हलवेल, आणि हलवलेल्या मानेचा अर्थ कोण काढणार! म्हणून मानेनं उत्तर देताच येणार नाही असा प्रश्न विचारा. ‘एप्पुडु तिन्नारु?’, केव्हा खाल्लं? आता तिला बोलावंच लागेल. ‘रात्रि एनिमिदि गंटलकु’ म्हणाली तर रात्री आठला, तुमचं काम झालं. ‘पोद्दुन’ ऐकू आलं तर सकाळी, म्हणजे आज सॅम्पल घ्यायचं नाही. नावाचंही तसंच. ‘तुम्ही लक्ष्मी ना?’ असं विचारू नका, नाव तिच्याच तोंडून येऊ द्या. तुमच्या कामात हा नियम तसाही शिकवलेला असतो, परक्या भाषेत त्याची किंमत दुप्पट होते.

यावरून पुढचा अभ्यास आपोआप ठरतो. प्रश्न विचारणं सोपं असतं, आलेलं उत्तर पकडणं अवघड. म्हणून अंक आधी: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु, एनिमिदि, तोम्मिदि, पदि. हे उलटसुलट, मधूनच कुठूनही ओळखता यायला हवेत. सिरोंच्याच्या सिस्टरकडून त्यांच्याच आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या आणि मेट्रोत येता-जाता ऐका. संकोच कसला? आपली भाषा कुणी शिकू पाहतंय याचा आनंद कुणाला होत नाही? दोघींची गाठ पाळी बदलताना पडतच असेल. रोज एकच वाक्य विचारा, जास्त नको. आज घेतलेलं वाक्य उद्या म्हणा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. विसरायच्या बेतात असताना आठवलेलं पक्कं बसतं.

व्याकरणाची धास्ती घेऊ नका. तेलुगू द्रविड कुळातली, मराठी आर्य कुळातली, हे पुस्तकात खरं आहे, पण या दोघी शतकानुशतकं शेजारी नांदल्या आहेत. वाक्याची रचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि सोडून ‘आम्ही’ असा भेद हिंदीत नाही. तो मराठीत आहे आणि तेलुगूतही, ‘मनं’ आणि ‘मेमु’. मराठीनं तो द्रविड शेजाऱ्यांकडूनच घेतला असं भाषेचे अभ्यासक मानतात. ‘ळ’ आणि ‘ण’ म्हणताना तुमची जीभ अडणार नाही. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च हे दोन्ही तेलुगूत सापडतात. आणि संस्कृतातून आलेले शब्द तर तुमच्या टेबलावरच पडलेले आहेत: रक्तं, मूत्रं, भयं.

अवघड काय जाईल तेही सांगते. तेलुगूत ए आणि ओ हे दोन्ही ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, आपल्या कानाला हा फरक नवा आहे. शब्द स्वरावर संपतात, आणि आपल्याला शेवटचा स्वर गिळायची सवय. ‘मूडु’मधला शेवटचा उ नीट म्हणा. पुस्तकातली तेलुगू आणि तेलंगणातल्या खेड्यातली तेलुगू यांतही बरंच अंतर आहे. तेलंगणाच्या बोलीत उर्दूचे शब्द पुष्कळ मिसळलेले आहेत, ते उलट तुम्हाला ओळखीचे वाटतील. म्हणून कान त्याच बोलीला लावा. आकाशवाणीचं आदिलाबाद केंद्र आहे, दूरदर्शनची यादगिरी वाहिनी आहे. सुरुवातीला काही कळणार नाही. चालू द्या. महिनाभरानं अंक आणि वेळा मधूनमधून ऐकू येऊ लागतील.

लिपी पहिल्या तीन महिन्यांत नको. बोलणं देवनागरीत लिहून चालवा. त्यानंतर लिपी जरूर शिका, कारण वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, अ आ इ ई, क ख ग घ, फक्त आकार गोल. औषधाच्या पिशवीवरचं दुकानाचं नाव, जुन्या कागदावरचं गावाचं नाव वाचता आलं की हुरूप येतो. म्हैसूरच्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थानाची तेलुगू शिकवणारी पुस्तकंही तेव्हा कामी येतील.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. तुमची तेलुगू सुई टोचेपर्यंतची आहे, हे स्वतःशी पक्कं ठेवा. औषधाची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, संमतीची सही, रिपोर्टचा अर्थ, या गोष्टी वर्षभरानंतरही तुमच्या तेलुगूवर सोडू नका. तिथे नीट भाषा येणारा माणूस बोलवा, सिस्टर असो, नातेवाईक असो. अर्धवट भाषेतला आत्मविश्वास पेशंटला महाग पडतो. तुम्ही त्या आजीसाठी हळहळलात, म्हणून हे तुम्हाला पटेल अशी खात्री आहे.

आणि तेलुगू जरा स्थिरावली की गोंडीकडे पाहा. आसिफाबादकडून येणाऱ्यांत गोंड आदिवासी पुष्कळ असतात. त्या आजीची भाषा तेलुगूच होती की गोंडी, हे तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा पुढच्या वेळी कुणालाही आधी तेच विचारा. भाषाशास्त्रज्ञ गोंडीला तेलुगूच्याच शाखेत बसवतात. गोंडीतले अंक बघा: उंदी, रंड, मूंड, नालुंग. तुम्ही पाठ केलेले रेंडु, मूडु, नालुगु त्यात ऐकू येतात ना? २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाही. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदशहानं वसवलेल्या या आपल्या शहरात गोंडी पेशंटला त्याच्या भाषेत ‘बसा’ म्हणणारं माणूस शोधावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. हे वाईट वाटणं तुमच्यावर लादत नाही. दहा वाक्यं जरी शिकलात तरी पुष्कळ आहे.

भाऊजींना हे पत्र वाचायला द्यायला हरकत नाही. आणि मी इथे देवनागरीत लिहिलेली वाक्यं पेशंटसमोर म्हणण्याआधी सिस्टरकडून एकदा ऐकून घ्या. ऱ्हस्व ए-ओ आपल्या लिपीत दिसत नाहीत, आणि सिरोंच्याकडे यातलं एखादं वाक्य वेगळ्या तऱ्हेनं म्हणत असतील. त्या म्हणतील तेच धरा.